येळवस, आंबील आणि दहा एमएमचं सॉकेट

यंदा येळवशीला गावी गेलो होतो. पंचांगात वेळ अमावस्या, पण आमच्या उदगीर-लातूर-धाराशिव पट्ट्यात एवढं पूर्ण नाव कुणी घेत नाही, येळवसच. त्या दिवशी लातूर शहरात सुद्धा चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बिंदगीत आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर, आणि जेवण झाल्यावर डोळे आपोआप मिटायला लागतात अशी दुपार. मी बाभळीखाली आडवा झालो होतो आणि तेवढ्यात पुतण्या आला. लातूरला क्लासेस, होस्टेल, अकरावी सायन्स. म्हणाला, काका, एअरोस्पेस घेऊ का?

मी उत्तर द्यायच्या आत दादाच बोलला, "आरं आदी त्यात नोकरी लागती का ते इचार."

आता हे समजून घ्या की आमच्याकडं लातूर पॅटर्न म्हणजे अर्ध्या घरांचा देव आहे. पोरगं हुशार निघालं की नीट, जरा गणितात बरं असलं की जेईई, तिसरा रस्ता एमपीएससी. त्यात हा एअरोस्पेस म्हणाला की सगळ्यांना फक्त पायलट दिसतो, पांढरा शर्ट, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. दादाला पण तेच दिसलं. पायलटच्या लायसनला 200 तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या पुढं जातो, हे त्याला मीच कधीतरी सांगितलेलं, आणि ते ऐकल्यापासून विमान हा विषय निघाला की तो आधी आपल्या सात एकराकडं बघतो.

मी स्वतः हैदराबादला हँगरमध्ये असतो. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे विमान दुरुस्त करणारा, म्हणजे गावाच्या भाषेत "इमानाचा मिस्त्री". मला ह्याचं वाईट वाटायचं पूर्वी. आता नाही वाटत, उलट बरोबरच वाटतं.

पण पोराला काय सांगायचं? यूट्यूबवर त्यानं सगळं बघितलेलं होतं, तिरुअनंतपुरमची अंतराळ विज्ञानाची संस्था आयआयएसटी, तिथं जेईई ॲडव्हान्समधून जातात, संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे सैनिकी सेवेची तयारी करून घेणारी संस्था, जिथून आपली पोरं एनडीएला जातात, एएमईला बारावी पीसीएम लागतं, सगळं पाठ. माहितीला तोटा नाही ह्या पिढीला. मग म्हणला, "काका, लय हुशार असावं लागतं का हो त्यात?"

मी जरा वेळ गप्प बसलो, कारण मला एकदम खोकं आठवलं.

मी सहावीत असेन. हिवाळ्याचे दिवस, सकाळी सकाळी बोंब उठली की पांदीच्या पलीकडं तुरीत काहीतरी पडलंय आभाळातनं. पळालो सगळे. बघतो तर मोठं खोकं, तारा निघालेल्या, बाजूला पॅराशूट तुरीवर पसरलेलं आणि लांबवर प्लास्टिकचा ढीगच्या ढीग. कुणी म्हणे पाकिस्तानचा बॉम्ब, कुणी म्हणे अमेरिकेचा. एका म्हाताऱ्यानं नारळ पण फोडला लांबून. खोक्यावर कागद चिकटवलेला होता, हात लावू नका, पोलीस ठाण्याला कळवा. पोलीस येऊन बसला बांधावर, बिडी ओढत, आणि दुपारी हैदराबादची जीप आली.

नंतर कळलं की हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. पातळ प्लास्टिकचा प्रचंड फुगा, पन्नास मीटरच्या वर रुंदीचा, हायड्रोजन भरून सोडतात, तो तीस-चाळीस किलोमीटर वर जातो, म्हणजे आपली प्रवासी विमानं जातात त्याच्या तिप्पट उंच, आणि खाली दुर्बिणी, यंत्रं टांगलेली असतात. काम झालं की रेडिओवरून हुकूम देऊन खोकं सोडवतात, ते पॅराशूटनं खाली येतं, आणि वारा जिकडं नेईल तिकडं, त्यात आपला लातूर-नांदेड-बीड पट्टा पण येतो. अजून पण पेपरात सूचना येते दर हंगामाला.

मला मात्र ती यंत्रं आठवत नाहीत. आठवतो जीपमधून उतरलेला चष्मेवाला माणूस, डोळे लाल, रात्रभर जागा असणार. त्यानं खोकं तिथंच तुरीत उघडलं, आणि एकेक स्क्रू काढून बिस्किटाच्या डब्यात टाकत गेला, आणि दर स्क्रूला वहीत काडी मारायचा. शेवटी एक कमी भरला. एक! मग हा शिकलेला, शास्त्रज्ञ वगैरे माणूस पॅन्ट वर करून अर्धा तास तुरीत गुडघ्यावर बसून स्क्रू शोधत होता आणि आम्ही पोरं हसत होतो. सापडला तेव्हा काही आनंदबिनंद नाही, वहीत काडी मारली, डबा बंद.

मला तेव्हा वाटलं किती चिक्कू माणूस आहे.

पुढं बारावीनंतर एएमईला गेलो. खरं कारण सांगतो, मेडिकलला मार्क नव्हते आणि मामाच्या ओळखीचा कुणीतरी त्यात होता. आता पेपरांना मॉड्यूल म्हणतात आणि पास व्हायला 75 टक्के लागतात, आमच्या वेळी पद्धत वेगळी होती पण पेपर तेवढेच आडमुठे. मी एका पेपरला तीनदा नापास झालो. गावात सांगायचो की रिझल्टच लागला नाही अजून. लायसन हातात पडेपर्यंत सहा वर्षं गेली, तोवर बरोबरचे डीएड करून मास्तर होऊन लग्नं करून मोकळे.

आणि लायसन म्हणजे काय, तर सही. एवढंच. विमानावर काही काम केलं की कुणीतरी लायसनवाल्यानं कागदावर सही केल्याशिवाय ते उडत नाही, त्याला रिलीज टू सर्व्हिस म्हणतात, आम्ही म्हणतो विमान सोडणं. आत दीडशे-पावणेदोनशे माणसं बसणार, आणि खाली तुमची सही. पहिल्या सहीच्या रात्री मला झोप आली नाही, सकाळी ते विमान गोव्याला उतरलं का हे चार वेळा मोबाईलवर बघितलं.

ह्या लाइनीत शिकवायला एक किस्सा ठरलेला असतो. 10 जून 1990, ब्रिटिश एअरवेजचं विमान, बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेलं. सतरा हजार फुटांच्या वर चढलं आणि कॅप्टनच्या समोरची काच फटकन निघून गेली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला, आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि को-पायलटनं विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं. तो कॅप्टन वाचला, हे अजून पण खोटं वाटतं ऐकताना. आणि कारण? उड्डाणाच्या सत्तावीस तास आधी काच बदललेली, तिच्या 90 बोल्टपैकी 84 बोल्ट व्यासाला 0.026 इंच कमी. अर्धा-पाऊण मिलीमीटर हो! बदलणाऱ्यानं जुना बोल्ट हातात धरून नजरेनं जुळवून नवे घेतले, पुस्तक उघडून नंबर बघितला नाही. तो माणूस बिनकामाचा नव्हता, अनुभवी होता, तीच तर गंमत आहे, नवशिक्यानं घाबरून पुस्तक उघडलं असतं.

मी हा किस्सा पोराला सांगितला तेव्हा दादा मध्येच म्हणला, "आपल्या मोटारीचं बी तसंच हाय, नजरेनं नट लावला की धागा खातंय." बरोबरच.

पण मग माझाच किस्सा सांगायची वेळ आली, जो मी घरात कधी सांगितला नव्हता. एका हँगरमध्ये, कुठल्या ते जाऊ द्या, रात्रपाळी, पहाटे तीन-सव्वातीन. इंजिनचं काम संपलं, काउल म्हणजे इंजिनावरचं झाकण लावून झालं, हत्यारं परत भरायला लागलो. आमच्याकडं प्रत्येक पान्याची बोर्डावर त्याच्याच आकाराची जागा कापलेली असते, एक नसला तरी लांबून खड्डा दिसतो. दहा एमएमच्या सॉकेटचा खड्डा रिकामा. नियम काय, तर लगेच सांगायचं आणि ते सापडेपर्यंत विमान हलत नाही. आणि मी काय केलं? वीस मिनिटं कुणाला बोललो नाही. खिसे बघितले, ट्रॉली बघितली, डब्याची पिशवी बघितली, दुसऱ्याच्या ट्रॉलीत पण गुपचूप हात घातला. सकाळी सहाची फ्लाइट होती ती. मनात काय चालू होतं ते अजून आठवतं, विमानाचा विचार नव्हताच, लाजेचा होता, की हा उदगीरकडचा तीनदा नापास झालेला, आता सगळ्यांसमोर. मग सांगितलं. शिफ्टवाल्यानं एक शिवी दिली, काउल परत उघडायला लावलं, आणि सॉकेट आत कडेवर बसलं होतं ऐटीत. फ्लाइट दीड तास लेट. माझ्यावर काही कारवाई झाली नाही कारण मी सांगितलं होतं, पण रिपोर्ट लिहिताना वेळेचा रकाना आला, कधी लक्षात आलं, कधी कळवलं. त्यात मी ती वीस मिनिटं लिहिली. लिहिताना हात जड झाला होता.

पोरगं म्हणलं, "नसतं सांगितलं तर?"

मी म्हणलो, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही झालं नसतं. आणि तेच वाईट आहे, कारण मग पुढच्या वेळी पण नसतं सांगितलं.

आपण विमानातल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगतो त्या फार गुळगुळीत करून सांगतो असं मला वाटतं. इस्रोचं एसएलव्ही-3 रॉकेट घ्या. 10 ऑगस्ट 1979 ला पहिलं उड्डाण फसलं, इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर बसले, जबाबदारी घेतली, वर्षभरात 18 जुलै 1980 ला यश आलं तेव्हा कलामांना पुढं केलं. ही गोष्ट प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगला होते आणि चांगलीच आहे ती, वाईट नाही. पण मला त्यातला आधीचा भाग जास्त लागतो. उड्डाणाच्या काही मिनिटं आधी कॉम्प्युटरनं थांबा म्हणून सांगितलं होतं. गळती होती, दुसऱ्या टप्प्याच्या कंट्रोलला लागणारं ऍसिड व्हॉल्व्हमधून जात होतं. जाणकारांनी हिशोब केला, साठा पुरेल म्हणले, आणि पुढं जायचं ठरलं. रॉकेट बंगालच्या उपसागरात. ह्यात कुणी मूर्ख नव्हतं, देशातली सगळ्यात तल्लख डोकी होती त्या खोलीत. आणि त्यांनी नंतर ते सगळं तपासून लिहून ठेवलं, म्हणून आज मला हैदराबादच्या हँगरमध्ये बसून माहीत आहे.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या चिकलठाणा विमानतळाचं घ्या की. 26 एप्रिल 1993. मी तेव्हा लहान होतो, दादा उदगीरहून पेपर घेऊन आला आणि ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवला एवढं आठवतं. औरंगाबादहून निघालेलं बोइंग 737, आत 118 माणसं. रनवे संपल्यावर पलीकडं बीडचा रस्ता, त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चाललेला, विमान वेळेत वर उठलं नाही आणि डावं चाक, इंजिन त्या ट्रकला लागलं, पुढं विजेच्या तारांना अडकून शेतात पडलं. 55 माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या भागात ते विमान लोकांच्या डोक्यातून पुसून गेलं, साहजिकच आहे, घरोघरी मयत होती.

मी ह्या धंद्यात आल्यावर त्या चौकशीत काय निघालं ते वाचलं. नाक उचलायला उशीर झाला, पद्धत चुकली, हे पायलटांकडं गेलं. पण त्याच दमात दुसरं कारण लिहिलंय की विमानाच्या वेळी त्या बीड रस्त्यावरची वाहतूक अडवायला पाहिजे होती, ती अडवली गेली नाही. रनवेच्या टोकापासून रस्ता किती, तर सव्वाशे मीटर. म्हणजे बघा, एका बाजूला जेट इंजिन, एवढं शास्त्र, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस, हातात लाल झेंडी, एक फाटक. तो माणूस तिथं नव्हता म्हणून. उद्याचं विमानशास्त्र घडवणारे म्हणून ज्यांचे फोटो छापतात त्यांच्यात ह्या फाटकवाल्याचा फोटो कधी नसतो, पण माझ्या हिशोबात तो पण त्याच लाइनीतला.

पोराला अर्थातच उद्याचं ऐकायचं होतं. हायड्रोजनची विमानं, उडणाऱ्या टॅक्सी, ते सगळं. मी म्हणलो ते होईल तेव्हा होईल, तुला मळीची गोष्ट सांगतो. हे ऐकून दादा उठून बसला, कारण मळी म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे त्याचा विषय. तर 19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्याच्या इंधनात आपल्याच देशातल्या कच्च्या मालापासून केलेलं इंधन थोडं मिसळलेलं होतं, जेमतेम टक्काभर असेल, पण होतं. पुण्याच्या प्राज कंपनीनं केलेलं. मळीपासून निघणाऱ्या इथेनॉलमधलं पाणी काढायचं, त्याचा वायू करायचा, मग ते छोटे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, की झालं रॉकेलाच्या जातीचं विमानाचं इंधन. ऐकायला सोपं, करायला तिथल्या केमिकल इंजिनिअरांची वर्षं गेलीत. आता सरकारनं आंतरराष्ट्रीय फ्लाइटसाठी टप्पे ठरवलेत, 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2, 2030 ला 5.

दादा म्हणला, "म्हंजी इमान बी ऊसच खाणार?"

मला हसू आलं आणि जरा पोटात पण गोळा आला. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, ते बघायला गर्दी झालेली मी पण होतो त्यात. ज्या जिल्ह्याला प्यायचं पाणी रुळावरून आलं तिथं ऊस लावून विमानं उडवायची का? पराट्या, तुराट्या, पेंढा, असल्या टाकाऊ मालापासून अल्कोहोल काढायचं तंत्र आहे, ते स्वस्त करणारा जो कुणी निघेल त्याला मी एअरोस्पेसवालाच म्हणेन, मग त्यानं आयुष्यात विमानाला हात नाही लावला तरी चालेल. तसं पुतण्याला म्हणलं पण. त्याला फार पटलं नाही, पराट्या काही रॉकेटसारख्या दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरभऱ्यावर फवारणी ठरली होती. घाटेअळी लागलेली, आणि दादानं ह्या वर्षी पहिल्यांदा ड्रोनवाल्या ताईंना बोलावलेलं. वहिनीच्या ओळखीतल्या बचत गटातल्या ताई, दहावी शिकलेल्या, चाळिशीच्या आसपास, नमो ड्रोन दीदी योजनेत पंधरा दिवसांचं ट्रेनिंग करून आल्या, त्यात पाच दिवस नुसतं उडवायचं आणि बाकी औषधं, पिकं वगैरे. रीतसर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट आहे त्यांच्याकडं. म्हणजे हिशोबानं आमच्या पंचक्रोशीतल्या पहिल्या पायलट त्याच, आणि हे मी वहिनीला म्हणलो तर वहिनी म्हणाली, "मग, तुमाला आत्ता कळलं का?"

छोट्या टेम्पोतून ड्रोन उतरवला. दहा लिटरची टाकी, बॅटऱ्या चांगल्याच जड. त्यांनी पदर खोचला, टोपी घातली, पंख्याची पाती एकेक हातानं फिरवून बघितली, एक पातं परत बघितलं, नखानं कड चाचपली. बॅटरीचा आकडा वहीत लिहिला. लांब वहीच होती, शाळेची, वर मुलाचं नाव खोडलेलं. मी काही बोललो नाही की मी पण ह्याच लाइनीत आहे, उगाच.

मग त्या बांधावर उभ्या राहिल्या, आणि हातात चिमूटभर माती घेऊन सोडली. माती सरळ पडली नाही, शेजारच्या रानाकडं गेली, तिकडं शेजाऱ्यांची मेथी होती. खिशातलं वारं मोजायचं छोटं यंत्र काढून बघितलं. परत बघितलं.

"भाऊ, आज नाही व्हायचं. वारं लई हाय."

दादा तापला. औषध कालवून ठेवलेलं, मजूर सांगून परत पाठवलेले, अळी काय वाऱ्यासाठी थांबत नाही. "आवो एवढं काय वारं नाही, मागच्या पंपानं ह्याच्यापेक्षा जास्त वाऱ्यात मारलंय आमी. एक एकर तरी मारा."

त्या म्हणाल्या, "तुमचं खरं हाय. पर मी नाही उडवणार."

आवाज चढवला नाही, सॉरी पण नाही म्हणल्या. बॅटरी काढायला लागल्या. दादा माझ्याकडं बघायला लागला, की तू सांग की जरा, तू इमानातला माणूस. मी हरभऱ्याकडं बघत राहिलो.

पोरगं मात्र पुढं गेलं. बॅटऱ्या उचलून टेम्पोत ठेवू लागलं, आणि विचारायला लागलं, वारं किती झालं की बंद करायचं, ते कुणी ठरवलं, एकदा उडवल्यावर मध्येच सुटलं तर काय. ताई सांगत होत्या, हात कामात. मग त्यांचे हात औषधाचे होते म्हणून वही त्याच्याकडं दिली, म्हणाल्या, लिही बाळा, तारीख टाक, गट नंबर टाक, आणि पुढं लिही, उड्डाण नाही, वारा.

त्यानं लिहिलं. "वेळ पण टाकू का?" म्हणला.

"टाक की."

दादा तोवर जरा निवळला होता. चहा घ्या म्हणला, आणि मग बांधावरूनच विचारलं, "मंग उद्या किती वाजता येताव?"

"सकाळी सहाला येते. दव असलं तर सातला."